जुन्या गाडीत पी०१७१ कोड येतोय, गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. बदलू का?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०१० ची आय-टेन, १.२ कप्पा पेट्रोल इंजिन, रनिंग एक लाख अठरा हजार. पुण्याहून साताऱ्याला जाताना गाडीत चार-पाच माणसं असली की खंबाटकीच्या चढावर पिकअप जातो, झटके बसतात आणि पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. नंतर गावात आठवडाभर फिरवली की दिवा आपोआप विझतो. ॲव्हरेज सोळावरून तेरावर आलंय. आयडलिंग व्यवस्थित आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०१७१ आला आणि ऑक्सिजन सेन्सर, शिवाय इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांची) सफाई, असा साडेनऊ हजारांचा खर्च सांगितला. आरसीचं नूतनीकरण नुकतंच केलंय, त्यामुळे गाडी अजून पाच वर्षं वापरायची आहे.

सेन्सर बदलू नका. निदान इतक्यात तरी नको. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर आहे, म्हणजे टाकीतली जाळी, फिल्टर किंवा पंप. पण माझ्या संशयावरही खर्च करू नका. आधी मोजा.

कोड म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट कळलं की अर्धे पैसे वाचतात. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. त्यानंतरचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू आहे. तिथे एक असता तर तो कंपनीचा स्वतःचा कोड असता. पुढचा आकडा १ किंवा २ असला की हवा-इंधनाचा मामला, ३ म्हणजे ठिणगी आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), ४ म्हणजे धूर-नियंत्रण, ५ म्हणजे आयडलिंग आणि वेग. तुमच्या पी०१७१ चा पूर्ण अर्थ एवढाच: इंजिनमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय आणि ते भरून काढता काढता ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) मर्यादा संपत आली आहे. ‘ऑक्सिजन सेन्सर खराब आहे’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट ही तक्रार धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या सेन्सरनेच नोंदवली आहे. सेन्सरच्या स्वतःच्या दोषाचे कोड वेगळे असतात: सेन्सरच्या सर्किटला पी०१३० पासून पुढचे, त्याच्या हीटरला पी०१३५. तुमच्याकडे त्यांपैकी एकही आलेला नाही.

मी हे एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. माझ्या २००८ च्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये एका पावसाळ्यात पी०३०३ आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. मी त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) बदलली. चार दिवस गाडी बरी चालली, पाऊस पडला आणि दिवा पुन्हा लागला. मग चारही प्लग बदलले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला एका वयस्कर वायरमनने बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि तिसऱ्या इंजेक्टरकडे जाणारी वायर बोटाने उचलून दाखवली. उंदराने तिचं वरचं आवरण कुरतडलं होतं, आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. ओल लागली की संपर्क तुटायचा. त्याने वायरचा तेवढा तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. त्याने दीडशे रुपये घेतले. त्याआधी माझे पाच हजारांच्या वर गेले होते. कोडने मला सिलिंडर बरोबर सांगितला होता. कारण शोधणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल होती. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावून कोड पी०३०२ होतो का, एवढं पाहिलं असतं तरी कॉइल निर्दोष आहे हे फुकटात कळलं असतं.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. एक ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ ॲडॉप्टर घ्या. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या तळाला १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात तो बसतो. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप पुरतं. ॲडॉप्टर घेताना तो के-लाइन आणि कॅन या दोन्ही पद्धतींनी बोलतो का, हे विचारून घ्या. २०१० च्या आगेमागच्या गाड्यांमध्ये दोन्ही सापडतात आणि स्वस्तातले काही नकली ॲडॉप्टर के-लाइनवर मुके होतात. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतः नोंदवण्याच्या या यंत्रणेची, सक्ती टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ प्रदूषण-नियमांसोबत पहिला टप्पा, एप्रिल २०१३ पासून दुसरा. त्यामुळे ॲपमध्ये काही रकान्यांपुढे ‘उपलब्ध नाही’ असं दिसलं तर तो बिघाड समजू नका. आणि काम झालं की ॲडॉप्टर काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर किल्ली बंद असतानाही बॅटरी चालू असते. गाडी आठवडाभर उभी राहिली तर सेल्फ मारताना अडचण येईल.

कोड पुसण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’ उघडा आणि तिचा फोटो काढा. दिवा लागला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती, लोड किती, कूलंटचं तापमान किती, गाडीचा वेग किती, हे ईसीयूने तिथे जपून ठेवलेलं असतं. गॅरेजवाले बहुतेकदा कोड वाचतात आणि लगेच पुसतात. त्याबरोबर ही माहितीही जाते. तुमचा दिवा आपोआप विझतो याचं कारण सलग तीन वेळा गाडी चालवून दोष दिसला नाही तर तो विझावा अशीच रचना आहे. कोड मात्र स्मृतीत राहतो, साधारण ४० वेळा इंजिन थंडचं गरम होईपर्यंत. म्हणजे दिवा गेला तरी तुमच्याकडे पुरावा शिल्लक असतो.

मग बघायचं ते फ्युएल ट्रिम. दोन आकडे असतात, तात्पुरता (शॉर्ट टर्म) आणि दीर्घकाळाचा (लाँग टर्म), दोन्ही टक्क्यांत. ईसीयूने ठरलेल्या मापापेक्षा किती पेट्रोल जास्त किंवा कमी सोडलं, हे ते सांगतात. दोघांची बेरीज उणे दहा ते अधिक दहाच्या दरम्यान असेल तर ठीक. अधिक वीस-पंचवीसच्या आसपास गेली की पी०१७१ येतो. महत्त्वाचं म्हणजे ही बेरीज कोणत्या स्थितीत वाढते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तीन नोंदी घ्या: उभ्या गाडीत आयडलिंगला, उभ्या गाडीतच २,५०० फेऱ्यांवर रेस धरून, आणि चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा ॲक्सिलरेटर दाबून. तिसरी नोंद घेताना मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात असू द्या, तुमच्या नको. ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, ती वापरा आणि घरी येऊन निवांत बघा.

आयडलिंगला बेरीज चार-पाच आणि चढावर वीसच्या वर गेली, तर जास्त मागणीच्या वेळी पेट्रोल पोहोचत नाहीये, हे जवळजवळ पक्कं. आयडलिंगला इंजिनला पेट्रोल फार कमी लागतं, तेवढं अर्धवट तुंबलेल्या जाळीतूनही येतं. घाटात ती जाळी कमी पडते. तुमची सगळी लक्षणं याच्याशी जुळतात.

याच्या उलट, आयडलिंगला बेरीज जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी बाहेरची हवा आत येतेय. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पी०१७१ वरचे बहुतेक व्हिडिओ ‘व्हॅक्यूम लीक शोधा’ म्हणून सुरू होतात आणि इनटेकच्या पाइपांवर स्प्रे मारत बसतात. आत येणारी हवा मॅफ सेन्सरने थेट मोजणाऱ्या गाड्यांसाठी ते बरोबर आहे. तुमच्या इंजिनात मॅफ नाही. मॅप आहे, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातला, दाब मोजतो. पाइपाला चीर पडून जास्तीची हवा आत आली तर दाबही वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि ते त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतं. त्यामुळे अशा गाडीत व्हॅक्यूम लीकचं मुख्य लक्षण म्हणजे चढलेलं आयडलिंग, पी०१७१ त्यामानाने कमी वेळा. तुमचं आयडलिंग व्यवस्थित आहे, म्हणून मी ते कारण खाली ढकललंय. त्यापेक्षा सकाळी थंड इंजिन चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी कान द्या. टिक-टिक असा आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर गॅस्केट गळतंय. सेन्सरच्या आधी अशी फट असली की तिथून बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये शिरते आणि सेन्सरला उगाच पेट्रोल कमी असल्याचा भास होतो.

ऑक्सिजन सेन्सरची परीक्षा दोन मिनिटांची आहे. गरम इंजिनात पुढच्या (इंजिनाजवळच्या) सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वर-खाली व्हायला हवं. एकदा झटकन रेस करा, ते ०.८ च्या वर उडी मारायला हवं. चालत्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, ईसीयू पेट्रोल बंद करतं आणि व्होल्टेज ०.१ च्या खाली जायला हवं. दोन्ही लगेच होत असेल तर सेन्सर जिवंत आहे. सावकाश होत असेल किंवा एकाच आकड्यावर चिकटून बसत असेल, तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर आणि मी चूक.

सगळ्यात निर्णायक चाचणी मात्र चढावरचीच. मोकळ्या, सुरक्षित चढावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये चार-पाच सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. त्या वेळी ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतं, त्यामुळे सेन्सरचं व्होल्टेज ०.८-०.९ वर स्थिर राहायला हवं. ते जर ०.१-०.२ वर पडलं आणि त्याच क्षणी झटका बसला, तर इंजिन पेट्रोलसाठी उपाशी आहे. ही नोंद दाखवल्यावर कुठलाही प्रामाणिक मेकॅनिक आधी प्रेशर गेज लावेल.

गेज लावताना अपेक्षित दाब साधारण साडेतीन बार आहे, अचूक आकडा मॅन्युअलमधून घ्या. आयडलिंगला दाब बरोबर दिसला म्हणून तिथे थांबू नका. गेज बॉनेटबाहेर काढून वायपरखाली अडकवून चढावर फेरी मारणारे मेकॅनिक मी पाहिलेत. तसं करण्याची गरज नाही आणि ते धोक्याचंही आहे. उभ्या गाडीत सारखी रेस देऊन दाब डगमगतो का, आणि इंजिन बंद केल्यावर तो काही मिनिटं टिकतो का, एवढं पुरेसं आहे. दाब कमी असेल तर मागच्या सीटची गादी उचलायची, खाली पंपाचं झाकण आहे. पंप, जाळी आणि फिल्टर तिथे एकत्रच असतात. पंपाआधी त्याच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज मोजायला सांगा. पंप चालू असताना तिथे बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी येत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा रिलेत आहे आणि नवा पंपही तसाच दमेल. जाळी काळी पडलेली असेल तर जाळी आणि फिल्टर बदला, टाकीचा तळ टॉर्च मारून बघा, गाळ असेल तर टाकी उतरवून धुवून घ्या. हे काम उघड्या जागेत, इंजिन थंड असताना आणि पाइपमधला दाब उतरवूनच व्हायला हवं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-१० ला साधारण १४.१ आणि ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन सोडावं लागतं आणि ई-१० वरून ई-२० वर आलं की ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर सरकतो. निरोगी गाडी हे पचवते. पण तुंबलेल्या जाळीमुळे जी गाडी आधीच अधिक पंधरावर चालली होती, ती या चार-पाच टक्क्यांनी रेषा ओलांडते आणि दिवा लागतो. ॲव्हरेजचा थोडा भाग त्यातही जातो, मात्र सोळाचा तेरा होणं निव्वळ त्याने होत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकी कायम रिकामी ठेवून वापरू नका. पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय पंपाचं आयुष्य खाते. आणि पंधरा वर्षांपूर्वीचे रबरी पाइप एकदा हाताने दाबून बघा. कडक झाले असतील, वाकवल्यावर चिरा दिसत असतील, किंवा बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, तर ते पाइप आजच बदला. यात चालढकल करायची नाही, हा आगीचा प्रश्न आहे.

पीयूसीचा कागद फेकून देता का? ठेवत जा. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. तुमचे आकडे दर वेळी वाढत असतील तर दिवा लागण्याआधीच ते काही सांगत असतात: सीओ वाढला तर पेट्रोल जास्त जातंय, हायड्रोकार्बन वाढला तर ते न जळताच बाहेर पडतंय. तुमचा दोष घाटातला असल्यामुळे आयडलिंगच्या पीयूसीत तो दिसणार नाही. पास झाली म्हणजे गाडी ठीक आहे असं मात्र धरू नका.

पुढची पाच वर्षं काढायची आहेत, तर आणखी दोन ठिकाणी लक्ष द्या. जुन्या गाडीतले बरेच विचित्र कोड विजेच्या कमजोरीतून येतात. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट असायला हवी. सेल्फ मारताना ती दहाच्या खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा, सेन्सर नंतर. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावा, हेडलाइट आणि एसी चालू करा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती काढून घासून पुन्हा घट्ट बसवा. पावसाळ्याआधी हे दर वर्षी करा, आणि त्याच वेळी टॉर्च मारून उंदरांच्या खुणा शोधा.

दुसरं कूलंट. नळाचं पाणी ओतू नका. आत क्षार बसतात, थर्मोस्टॅट आणि तापमानाचा सेन्सर दोन्ही बिघडतात. सकाळी थंड इंजिनात ॲपवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही बाहेरच्या हवेच्या जवळपास हवीत. पुण्यात कूलंट उणे ४० दिसलं तर त्या सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. सर्किट उघडं पडलं की तोच आकडा येतो, आणि ईसीयू बर्फात असल्यासारखं पेट्रोल ओतत राहतं.

आणि घाटात दिवा नुसता लागून न राहता लुकलुकायला लागला, तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा, सुरक्षित जागा बघून कडेला थांबा. तो जबर मिसफायरचा इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतं आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. साडेनऊ हजारांचं काम मग कितीतरी वर जातं.

तीन नोंदी आणि पूर्ण ॲक्सिलरेटरच्या वेळचं व्होल्टेज इथे खाली लिहा. गेज लावायला जाण्याआधी मी बघून सांगतो. तोपर्यंत टाकी निम्म्याच्या वर ठेवा आणि गाडी भरून खंबाटकी चढू नका.